जिझोचा उजवा पाय

जिझोची नवी मूर्ती काशात ओतून आली, तेव्हा तो लग्नातल्या पातेल्यासारखा लखलखत होता. लेकराबाळांचा रखवाला, आमच्या गल्लीचा देव. पण त्याला बघून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. "हा कुठला पाहुणा?" शेवटी गल्लीच्या मंडळाचे त्सुरुमी त्याला आमच्या पडवीत आणून ठेवून गेले. "शिनोसान, याला आपला करा."

शिनो म्हणजे माझ्या सासूबाई. ताकाओकात ओतकाम करणारे पुष्कळ, पण नव्या काशावर जुनेपण चढवायचं तर लोक यांच्याकडे येत. एका बरणीत गंजके खिळे, व्हिनेगर आणि चहा मुरत असे, शेजारच्या बरणीत मुळ्याचं लोणचं. लग्न झाल्या झाल्या मी चुकीच्या बरणीत हात घातला होता. "पूर्वी लग्न झालेल्या बायका यानंच दात काळे करायच्या," सासूबाई हसल्या होत्या. "तुझं बोटांवर भागलं."

जुना जिझो युद्धात गेला. तोफांना कासं कमी पडत होतं. सैनिकाला निरोप देताना बांधत तसा पट्टा त्याला बांधला, ढकलगाडीवर बसवला आणि गल्लीनं झेंडे हलवले. सासूबाईंचे वडील त्याच्या आधीच लढाईवर गेले होते. ते गेल्यापासून ते परत यावेत म्हणून त्यांची आई रोज सकाळी जिझोचा उजवा पाय चोळायची. जिझोही गेल्यावर त्याच्या रिकाम्या चौथऱ्याचा दगड चोळायची. परत कुणीच आलं नाही. ती वाट बघतच वारली.

"चेहरा नाही गं आठवत तिचा," सासूबाई म्हणायच्या. "तिच्या हाताला काशाचा वास यायचा, तेवढा आठवतो."

त्यांना तो झिजलेला पाय परत हवा होता.

जिझो तापवून गवताच्या कुंच्यानं बरणीतलं काळं पाणी मारायचं, वाळलं की पुन्हा मारायचं. अंग झकास झालं, कढलेल्या कोऱ्या चहासारखं. पायाशी मात्र सगळं अडलं. सासूबाई तो राखेनं घासत, लांबून बघत आणि पुन्हा काळा करत.

"छान दिसतोय की," मी म्हटलं.

"फडक्यानं घासलाय हे दिसतंय. हातानं झिजलेलं असं नसतं."

एक दिवस त्यांची थोरली बहीण मासुए वांगी घेऊन आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "एवढासाच चकचकीत? अख्खं पाऊल झिजलं होतं, शिनो. बोटंसुद्धा राहिली नव्हती."

"आईचा हात एवढाच होता."

"आईचा एकटीचा? अगं वेडे, गल्लीत कुणाचा नवरा घरी होता? सगळ्याजणी चोळायच्या. सुरमईवाली तर दोन्ही हातांनी. आई रांगेत उभी राहायची, आणि तू तिच्या पाठीवर झोपलेली."

सासूबाई उठल्या. बहिणीला चहा दिला, तिची वांगी मीठ लावून ठेवली. मग जाऊन पाय पुन्हा काळा केला, बोटांसकट. शेवटी जिझोला सगळीकडून मेण लावलं, रंग पक्का व्हावा म्हणून. पायाशी येऊन फडकं थांबलं.

"आई, पाय राहिला," मी सासूबाईंना म्हटलं.

"राहू दे."

"रंग जाईल की तिथला!"

"जाऊ दे ना. पण हातानं."

जिझोच्या सणाला तो चौथऱ्यावर बसला, दिवे लागले, मुलांना खाऊ वाटला, म्हातारे म्हणाले, "हा आपला." दुसऱ्या दिवशी त्सुरुमींची बायको दारात हजर. "शिनोसान, पायाला हात लावला तर बोटं काळी होतात हो! माझा चांगला किमोनो—"

"मग धुवा की," सासूबाई म्हणाल्या, "आणि उद्या परत लावा."

त्या स्वतः रोज सकाळी भाजीला जाताना जिझोपाशी थांबतात. घरी आल्यावर मी भाताचा वाडगा पुढे करते. त्यांचा तळवा काळपट असतो, त्याला काशाचा वास येतो. जेवण होईपर्यंत त्या तो धूत नाहीत.