मुंगसाची वाटी

मंडळी, चार दिवसांपासून आमच्या उदगीरच्या घरी चाललेल्या चोरीचा आज सकाळी छडा लागला.

आमच्या अंगणात दोन मांजरी येतात. रोज सकाळी मी त्यांना दूधभाकरी आणि पाणी ठेवते. पण मध्येच एक मुंगूस यायला लागलं. ते भाकरी खातं, पाणी सांडतं आणि आमच्या दोघी शूरवीर लांबून बघत बसतात. म्हणून मी वाट्या उंच भिंतीवर ठेवायला लागले. तरी शाळेला निघताना बघावं तर वाट्या खाली आणि रिकाम्या!

आज खिडकीआड उभी राहिले. तर सासूबाईच वाट्या खाली उतरवत होत्या.

"अहो आई, हे काय?"

"अगं, सकाळी मुंगसाचं तोंड बघितलं की दिवस लई चांगला जातो. तू वाटी वर ठेवलीस तर ते येईल कशाला?"

"आई, असं काही नसतं," मी सुरू झाले. तेवढ्यात मुंगूस आलं. आम्ही दोघींनीही बघितलं. आणि नळाची पाळी परवाची असताना नळाला पाणी आलं!

सासूबाईंनी घागर माझ्या हातात दिली.

उद्यापासून मांजरींची वाटी भिंतीवर, मुंगसाची खाली. खालची मी स्वतः ठेवणार आहे.

तुमच्याकडं मांजरांचं खाणं कोण पळवतं? सांगा. फक्त हे माझ्या शाळेतल्या पोरांना कळू देऊ नका. मी त्यांना विज्ञान शिकवते.