सलाईनच्या खोलीतलं रजिस्टर

त्या उन्हाळ्यात साठवलेल्या पाण्याचं सलाईन करायचा हुकूम मी दिला होता. तोंडी दिला होता, म्हणून तो कुठल्याच कागदावर नाही. कागदावर दुसऱ्याचं नाव आहे. आता माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे, तरी हे कुणाला सांगून लिहवून घेतलेलं नाही.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात व्यवस्थापक होतो. औषध डॉक्टर लिहायचे, सुई सिस्टर टोचायच्या. पण सुया उकळल्या का, ऑपरेशनच्या चादरी वेळेवर आल्या का, कोणत्या पाळीला कोण, टँकर कधी येणार, हे सगळं माझ्याकडे. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, म्हणायचे, "मला फक्त पेशंट दाखवा, बाकीचं तुम्ही बघा." मला त्याचा अभिमान होता.

बाहेरून मागवलेलं सलाईन वेळेवर पोचत नसे, म्हणून आम्ही ते दवाखान्यातच तयार करायचो. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती. तिथे यंत्रात पाण्याची वाफ करून ती थंड करायची, ते शुद्ध पाणी मीठ घालून काचेच्या बाटल्यांत भरायचं, रबरी बुचं लावायची आणि बाटल्या पुन्हा मोठ्या बंबात कडक वाफेवर ठेवायच्या.

हे काम करणारा माणूस नायगावकडचा. धम्म घेतलेल्या घरातला, मॅट्रिक झालेला, घरातली पहिली नोकरी. अक्षर इतकं सुबक की सगळा दवाखाना त्याला मास्तर म्हणायचा. मी कंधारचा. दोघंही नांदेड जिल्ह्यातले, म्हणून आमची थोडी थट्टामस्करी चालायची.

"साहेब, लातूरवाल्यांना जिल्हा भेटला. आता तरी पाणी भेटंल का?"

"जिल्हा मिळाला म्हणजे नवे शिक्के मिळाले, मास्तर. पाण्याचं नाव कुणी काढलं?"

"मंग शिक्केच उकळून पाजू म्हणा की लोकाला."

तो उन्हाळा कडक होता. पाऊस आधीच्या वर्षीही नीट झाला नव्हता. विहिरींच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन गावंच्या गावं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. बैलगाडीतून, एसटीतून, बाजेवर घालून माणसं यायची. खाटा संपल्या, मग व्हरांडा, मग झाडाखाली सतरंज्या. झाडाच्या फांदीला दोरी बांधून आम्ही सलाईनच्या बाटल्या टांगल्या. सकाळी आल्याबरोबर सिस्टर विचारायच्या, "साहेब, आज किती बाटल्या?"

आणि ते यंत्र पाणी खात होतं. वाफ थंड करायला नळीवरून गार पाणी सतत वाहतं ठेवावं लागे. एक घागर शुद्ध पाण्यासाठी दहा-बारा घागरी नुसत्या वाहून जायच्या. मी ते वाहतं पाणी पिंपात धरून फरशी धुवायला लावलं होतं. तरी पुरत नव्हतं, कारण टँकर एक दिवसाआड यायचा, आणि बंबालाही पाणी लागे. बंब तर आधी ऑपरेशनच्या सामानासाठी हवा असायचा.

मग मी हिशोब मांडला. टँकर येईल त्या दिवशी यंत्र दिवसभर चालवायचं. निघालेलं शुद्ध पाणी मोठ्या काचेच्या बरण्यांत साठवायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या एकदम भरून बंब एकदाच पेटवायचा. पाणी वाचेल, सरपण वाचेल. मी सलाईनच्या खोलीत गेलो आणि मास्तरला हे सांगितलं.

तो हात पुसत उभा राहिला. "साहेब, असं न्हाई जमायचं. आज काढलेलं पाणी आजच भरून वाफंत गेलं पाहिजे. शिळं पाणी सलाईनला चालत न्हाई."

"बंद बरणीत काय होणार आहे त्याला? उद्या वाफेत घालणारच आहेस ना?"

"मला शिकवलं त्यांनी बजावून सांगितलंय. काहून ते मला उकलून सांगता येणार न्हाई. पण न्हाई चालत."

"मास्तर, गावात लोक आठ-आठ दिवसांचं पाणी पिऊन राहिले, आणि तू ताजं-शिळं घेऊन बसलास! तुझ्या घरी रोज रांजण धुतात वाटतं?"

दारात झाडत असलेल्या मावशी हसल्या. तो हसला नाही. "मोठ्या डॉक्टरांना एकदा इचारा," एवढंच म्हणाला.

मी विचारलं नाही. बाकीचं बघायचं काम माझं होतं. आणि मास्तरच्या तोंडी 'शिळं' हा शब्द मला बायकांच्या सोवळ्यातला वाटला. वास्तविक तसं सोवळं माझ्याच घरात होतं. मी लिंगधारी. रोज सकाळी पूजेला ताजं पाणी लागायचं, रात्रीचं चालत नसे. टँकर येवो न येवो, बायको कुठून तरी तांब्याभर नवं पाणी आणायचीच. त्या दिवशीही मी त्या पाण्यानं पूजा करूनच कामावर आलो होतो. देवाच्या बाबतीत जी गोष्ट मी कधी मोडली नाही, ती पेशंटच्या बाबतीत मला अडाणीपणाची वाटली.

पुढे मोठ्या डॉक्टरांनी मला समजावलं ते इथे सांगतो. साठवलेल्या पाण्यात, ते कितीही स्वच्छ दिसो, जंतू वाढतात. बंबात ते मरतात. पण त्यांचं विष पाण्यात राहतं, ते वाफेनं जात नाही. तसं पाणी शिरेत गेलं की माणसाला हुडहुडी भरते.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मी मास्तरला टोमणाही मारला, "बघ, तुझं शिळं पाणी किती गुणाचं आहे." मग एकदा बंबाच्या झाकणातलं रबरी कडं तुटलं आणि बंब बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत बरण्यांतलं पाणी आणखी एक दिवस राहिलं. उन्हाळ्यातला दिवस, पत्र्याची खोली. मास्तर म्हणाला, "साहेब, हे ओतून देऊ." मी म्हणालो, "ओतून? आणि झाडाखालच्या माणसांना काय देऊ, तुझं तोंड?"

बाटल्या भरल्या गेल्या.

देवणीकडून आलेली एक बाई व्हरांड्यात होती. तिशीतली असेल. दोन दिवसांपूर्वी नाडी लागत नव्हती, पण ती सावरली होती. त्या सकाळी तिनं नवऱ्याला घरी बांधलेल्या गाईबद्दल विचारलं होतं, आणि सिस्टरनी मला ते कौतुकानं सांगितलं होतं. दुपारी तिला नवी बाटली लागली. अर्ध्या तासात तिचे दात वाजायला लागले. सिस्टर ओरडल्या, "घोंगडी आणा, घोंगडी!" एवढ्या रणरणत्या उन्हात आम्ही तिच्यावर तीन घोंगड्या टाकल्या तरी खाट हलत होती. तेवढ्यात झाडाखालून दुसरी हाक आली, मग तिसरी. सगळ्या बाटल्या बंद केल्या. बाकीच्यांची हुडहुडी तासा-दोन तासांत उतरली. या बाईचं अंग तापानं फणफणलं आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी सरळ सलाईनच्या खोलीत गेलो. मास्तर स्टुलावर बसला होता. समोर रजिस्टर उघडं. त्या रजिस्टराचा नमुना मीच आखला होता: पाणी काढल्याची तारीख-वेळ, वाफेत घातल्याची तारीख-वेळ, सही. त्यानं प्रत्येक ओळीत खरं लिहिलं होतं. दोन तारखांमध्ये एक दिवस, कुठे दोन दिवस. त्या सुबक अक्षरात.

"हे असं का लिहिलंस?"

"जसं झालं तसं लिव्हलं, साहेब."

जिल्हा नवा झाल्यामुळे आमची बरीच रजिस्टरं तेव्हा नव्यानं उतरवली जात होती. जुन्या वह्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं होतं. मी त्याला एक कोरं रजिस्टर दिलं, त्याच्यावर नव्या जिल्ह्याचा शिक्का मारून. "हे यात उतरव. दोन्ही रकान्यांत तारीख एकच घाल."

त्यानं कोरं रजिस्टर हातात घेतलं. "आन् जुनं?"

"जुनं माझ्याकडे दे. सगळ्याच वह्या बदलतोय आपण."

त्यानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते काम चाललं. मी मधूनमधून जाऊन बघत होतो. जुनं रजिस्टर मी माझ्या हातानं बंबाच्या चुलीत घातलं.

चौकशीला नव्या जिल्ह्याच्या कार्यालयातून एक अधिकारी आले. मोठे डॉक्टर, मी आणि मास्तर, असे तिघं त्यांच्यासमोर. त्यांनी रजिस्टर चाळलं. एकही खाडाखोड नाही. त्यांनी वर बघून मला विचारलं, "पाणी साठवून ठेवत होता का?"

मी "नाही" म्हणालो.

मास्तर माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. आता तो बोलेल, आता बोलेल, असं वाटत होतं. अधिकाऱ्यांनी त्याला आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. त्यानंतर त्यांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मग बाटल्या नीट धुतल्या नसतील." मी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर मला एकट्याला बोलावून पाण्याचं ते सगळं समजावलं. त्यांना संशय होता असं मला वाटतं, पण त्यांनी विचारलं नाही. 'बाटल्या धुण्यात हयगय' असा शेरा मारून मास्तरला काढून टाकलं. जाताना तो माझ्या खोलीत आला, सलाईनच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बुचं भिजत घातलीत, काढून घ्यायला सांगा." यंत्र त्यानंतर मी रोज चालवलं, आणि काढलेलं पाणी त्याच दिवशी बाटलीत जायला लागलं. पाणी कमी पडलं तेव्हा दारोदार हिंडून घागरी गोळा केल्या. म्हणजे तसं करता येत होतं.

निवृत्तीनंतर मी नांदेडला येऊन राहिलो. नायगाव तिथून लांब नाही. तरी जायला मला फार वर्षं लागली. बायको गेली, मग मी हे सगळं एका कागदावर लिहिलं, सही केली आणि या उन्हाळ्यात नायगावला गेलो. मास्तर ओसरीत बसले होते. केस पांढरे, चष्मा जाड. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"या साहेब," ते म्हणाले. "लई म्हातारे झाले की."

सूनबाईंनी पाणी दिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. मग खिशातला पेन काढला.

"एक राह्यलं. नव्या रजिस्टरात खोटं मी लिव्हलं. सही माझी हाय. ते पन घाला."

"ते मी लिहायला लावलं होतं."

"लावलं तुमी. पन हात माझा व्हता. मी तवा बोललो असतो तर नोकरी तशीबी गेलीच असती. पन मानूस कशानं मेलं ते तरी कळलं असतं. घाला."

मी घातलं. मग म्हणालो, "हा कागद तुमच्यासाठी आणला होता."

"मला कशाला? मला तर म्हाइतच हाय." त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "ज्यांना म्हाइत न्हाई त्यांला द्या. त्या बाईच्या घरी जाऊन आले का?"

गेलो नव्हतो. तो विचारही मनात आला नव्हता, हे कबूल करतो. माझ्या लेखी मी एकट्या मास्तरांचाच अपराधी होतो.

देवणीच्या बाजूला त्या बाईचं गाव शोधायला दोन दिवस गेले. तिचा मुलगा भेटला. आता त्याचाच मुलगा लग्नाचा आहे. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. पाणी, बरण्या, रजिस्टर, "नाही". माझं संपल्यावर तो घराच्या दाराकडे बघत म्हणाला, "आमी तर बापालाच दोष देत व्हतो."

"का?"

"उशिरा नेलं म्हनून. मामानं त्याच्याशी बोलनं सोडलं व्हतं. आजी तर मरंपर्यंत त्याच्या हातचं खाल्ली न्हाई. बा बी जाईस्तोवर तसंच म्हनायचा, माझंच चुकलं, मी येळंवर गाडी जुपली न्हाई. दवाखान्यातल्या साहेबानंच त्याला सांगितलं व्हतं."

"कोणत्या साहेबानं?"

"पांढरा सदरा, कपाळाला भस्म. बा नेहमी सांगायचा. 'तुम्ही उशीर केला' म्हनले ते."

त्या दवाखान्यात भस्म लावणारा मी एकटाच होतो. हे वाक्य मला आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. व्हरांडा आठवतो, घोंगड्या आठवतात, तिचा नवरा खांबाला टेकून उभा होता हेही आठवतं. त्याच्याशी मी काय बोललो ते आठवत नाही. पण तो कशाला खोटं सांगेल?

"तुमच्या वडिलांनी उशीर केला नव्हता," मी म्हणालो. "ती बरी होत होती. तिनं गाईची चौकशी केली होती."

"गाईची?" तो पटकन माझ्याकडे वळला. मग उठून आत गेला. आतून त्याचा मोठ्यानं बोललेला आवाज ऐकू आला, बहुतेक बायकोला सांगत असावा. बाहेर आल्यावर त्यानं कागद मागितला. त्यात त्याच्या वडिलांबद्दल काही नव्हतं. मी तिथेच, त्याच्या ओसरीवर, त्याच्या मुलाचा पेन घेऊन ते खाली लिहिलं: बाईंच्या पतीनं उशीर केला नव्हता, उशीर केला असं त्यांना सांगणारा मीच. त्यानं ते दोनदा वाचलं.

"मामा हाय अजून," तो म्हणाला. "उदगीरला असतो. त्याच्यापुढं येऊन हेच म्हनाल?"

मी हो म्हणालो. येत्या सोमवारी जायचं ठरलं आहे.