सुरतेच्या बागांत हरवलेला मोगरा

जवळ सरका गं, असं लांबून वाचू नका. जिच्या तिच्या निरोपात एकच, "सुरतेहून साडी कसली आणली?" दुसरं काही सुचतच नाही का तुम्हाला? अगं, मी गेले होते मोगऱ्यासाठी. आईच्या माघारी राहिलेला तिच्या हातचा बटमोगरा यंदा पाण्यावाचून वाळला. त्याची एकच फांदी उरली होती, माझी भाची लता लग्नानंतर सुरतेला घेऊन गेली ती.

म्हणून भर वैशाखात नंदुरबारला गाडी धरली. लताचं घर सुरतेच्या गोडादऱ्यात, वरच्या मजल्यावर. खाली यंत्रमागांची खटखट. टेकले आणि विचारलं, "मोगरा कुठंय?"

"मावशी, आधी जेव तरी. संध्याकाळी इथल्या बागा दाखवते."

बागा म्हणजे रंगाचे रिकामे डबे आणि फुटक्या बादल्या. पण काय हिरव्यागार! शेजारच्या वहिनींनी गच्चीवर गिलक्यांचा वेल साड्यांच्या कातरणींनी बांधला होता, गुलाबी, मोरपंखी, जरीच्यासुद्धा.

"वेलाला साडी नेसवलीत की काय?"

"मागावर चिंध्यांना काय तोटा! बस व माय (बस गं आई), ताक पी."

पुढच्या गच्चीवर पुदिना, त्यापुढे कोरफड. मोगरा कुठेच नाही. परतताना लता जिन्यातच बसली.

"मावशी, आधीची भेस्तानची खोली सोडली तेव्हा तो शेजारच्या बांना, त्या गुजराती आजींना दिला. इथं ऊन येत नाही. तुला सांगायला तोंड होईना."

मीही तिच्याशेजारी पायरीवर टेकले. म्हटलं, "दिलास ना? फेकला तर नाहीस? मग उद्या चल."

सकाळी लतानं मला नवी पिस्ता रंगाची साडी नेसवली. रुसवा काढायची लाच, दुसरं काय! भेस्तानात रिक्षातून उतरले आणि फाटकातच आईच्या वेणीचा वास आला. म्हाताऱ्या बा देवासाठी कळ्या वेचत होत्या. त्यांच्या देवाची फुलं मागायची कशी? शेवटी लतानंच सांगितलं.

बा माझ्याकडे बघतच राहिल्या. "आ तो तमारा पियरनो मोगरो!" (हा तर तुमच्या माहेरचा मोगरा!) "आटला मोडा आव्या?" (इतक्या उशिरा आलात?)

त्यांनी एक फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली होती. मुळं धरली होती. लेकीसाठी केली होती म्हणे. तिच्यासाठी दुसरी दाबीन म्हणाल्या. मी हात पुढे केला तर मान हलवली. "हाथमां नहि, खोळामां." (हातात नाही, ओटीत.)

आणि ओल्या चिखलासकट रोप माझ्या ओटीत!

"मावशी, साडी!" लता ओरडली. तिला कोण विचारतंय?

परतीच्या गाडीत प्यायचं पाणी अर्धं मला, अर्धं त्याला. समोरचा माणूस हसून म्हणाला, "आजी, एवढं जपताय, बाळ आहे का ते?"

म्हटलं, "बाळ नाही रे बाबा. आई आहे."

रोप जगलं. काल पहिली कळी दिसली. साडीवरचा डाग काही गेला नाही. मीही फार घासलं नाही. तेव्हा साडी बघायचीच असेल तर डागासकट बघा, पण लवकर या गं. कळी उमलायच्या आत या.