सव्वा टक्क्याचा तज्ज्ञ

सेंट लुईसच्या कोर्टात डॉ. रॉलंड केसलिंग साक्षीला उभे राहिले की कंपन्यांचे वकील पाय लांब करून बसत. निवृत्ती योजनेतून वाजवीपेक्षा जास्त फी कापली, असा दावा कामगारांनी लावला की कंपनी या अर्थतज्ज्ञाला बोलवायची. ते आलेख दाखवत, चष्मा पुसत आणि थंडपणे सांगत, "कुणाचंही नुकसान झालेलं नाही." सव्वीस वर्षं हेच. एका दुपारच्या साक्षीत त्यांना कामगाराच्या महिन्याच्या पगाराएवढे पैसे सुटायचे.

त्या वर्षी दावा होता ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचा. दाव्यात पहिलं नाव ओडेल ट्रिमचं. एकतीस वर्षं भट्टीवर काढलेला, दोन बोटं तिथंच ठेवून आलेला माणूस. वर्षाला सव्वा टक्का फीपोटी जात राहिला आणि म्हातारपणाच्या पुंजीचा चौथा हिस्सा त्यातच गेला, एवढंच त्याचं म्हणणं.

उलटतपासणीला कामगारांची वकील वेरा पास्कोव्स्की उठली. तिनं हातातला कागद वाचला, "'फी लहान दिसते म्हणून ती निरुपद्रवी नसते. ज्याला आकडे वाचता येत नाहीत, त्याच्याच ताटातलं ती रोज खाते.' पटतं का, डॉक्टर?"

केसलिंग हसले. "भावनिक आहे. लिहिणाऱ्याला बाजार कळलेला नाही. मी परीक्षक असतो तर सरळ नापास केलं असतं."

"परीक्षकांनी पास केलं. हा तुमचाच प्रबंध आहे, डॉक्टर."

कामगारांच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशबाईंनी ओठ दाबले.

"अर्पणपत्रिकाही वाचते. 'बाबांना, ज्यांच्या पेन्शननं मला हे शिकवलं.' काय करायचे वडील?"

कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली, ती मान्यही झाली. तरी केसलिंगच्या तोंडून निघून गेलं, "बॉयलर सांभाळायचे." त्यांचे कान तापले होते. आपलंच वाक्य आपल्याला ओळखता आलं नाही, हे त्यांना लोकांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

बाहेर व्हरांड्यात ओडेल त्यांच्यासमोर आला. "मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर. तो प्रबंधवाला पोरगा झकास लिहायचा. कुठं असतो हल्ली?"

केसलिंग जिन्यानं उतरले.

चार महिन्यांनी निकाल लागला. कंपनी जिंकली. जुना प्रबंध हा काही पुरावा नव्हे, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं, डॉ. केसलिंगनी इतर चाळीस योजनांच्या फीशी केलेली तुलना मात्र विश्वासार्ह होती. कामगारांना छदाम मिळाला नाही.

कंपनीच्या वकिलानं जेवण दिलं. केसलिंगनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो ट्रिम काय करतो?"

"सुपरमार्केटच्या बाहेर ट्रॉल्या गोळा करतो म्हणे. सत्तरीला व्यायाम बरा!"

टेबल हसलं. पाठोपाठ केसलिंगही हसले. मग त्यांनी वेटरला बोलावलं आणि मांस आतून कच्चं राहिलंय, परत शिजवून आण, असं सांगितलं. सोमवारी त्यांनी पुढचा दावा घेतला, वाढीव दरानं.