मोठ्या आईचा मिरच्यांचा वर्ग

माझ्या मोठ्या आईनं जितक्या लोकांना इंग्रजी बोलायला लावलं, तितक्यांना शिंकायलाही लावलं. आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी करून दाखवणारी दुसरी बाई नागपुरात झाली असेल, असं मला वाटत नाही. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली, पण शिकवण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. महाल भागातल्या तिच्या घरापुढच्या आंगणात संध्याकाळी वर्ग भरायचा. फळा नाही, बाक नाहीत. मध्ये जुन्या वर्तमानपत्रांवर भिवापुरी मिरच्यांचा लालभडक ढीग, आणि भोवती गोल करून मिरच्यांचे देठ खुडत बसलेले विद्यार्थी. मिरची उचलायची, इंग्रजी वाक्य सुरू करायचं आणि देठ खाली पडायच्या आत ते पूर्ण करायचं. चुकलं तरी चालेल. अर्धवट सोडलं तर चालणार नाही.

तिचं म्हणणं असं की, रिकाम्या हाताचा माणूस स्वतःकडेच पाहत बसतो आणि मग त्याला लाज वाटते. हात कामाला लावले की त्याचं स्वतःवरचं लक्ष उडतं आणि तोंड आपोआप चालू लागतं. “धुणं धुताना बायका कशा बोलतात? तिथं कोनी व्याकरण विचारते का?” असं ती विचारायची. हिंगण्याच्या कारखान्यात जाणारा एक फिटर एकेका वाक्याला इतका वेळ घ्यायचा की तोवर त्याच्या बोटांत देठाचा भुगा व्हायचा. “गाडी स्टेशनातच उभी आहे का गा?” मोठी आई विचारायची. तो दचकायचा, त्याच हातानं डोळा चोळायचा, आणि मग मात्र नळाकडे धावताना ‘वॉटर! प्लीज! क्विक!’ असं अगदी अस्खलित बोलायचा. मोठी आई खूश. “पाहा, गरज पडली की येते!”

आता हा सगळा ढीग आमच्याच नातेवाइकांच्या वर्षभराच्या तिखटाचा असायचा, हे गल्लीला माहीत होतं. समोरच्या काकू ओट्यावरून टोमणा मारायच्या, “मास्तरीण फुकटात मिरच्या खुडून घेऊन राहिली वं!” मोठी आई त्यांना तिथूनच आमंत्रण द्यायची, “या ना तुमी, तुमाले तर दोन भाषा शिकवीन!” काकू आत जायच्या.

लिहिण्याच्या बाबतीत तर ती आणखीच विक्षिप्त होती. बोलून झालं की हात धुऊन तेच वाक्य पाटीवर लिहायचं आणि शेजारच्याला वाचायला द्यायचं. त्याला कळलं नाही तर पुसायचं. गायीवर, होळीवर, ‘माझा आवडता छंद’ यावर निबंध लिहायला तिच्याकडे बंदी होती. “गायीबद्दल गायीले माहीत आहे. तू कोनाले सांगून राहिला, ते आधी ठरव,” असं ती म्हणायची. त्यामुळे तिचे विद्यार्थी इंग्रजीत एकमेकांना खरोखरच्या गोष्टी लिहीत. तुझी सायकल माझ्या चपलेवर उभी आहे. काल तू शिंकलास म्हणून माझं वाक्य राहिलं.

या वर्गात माझी नेमणूक साहेब म्हणून होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली; इंग्रजी मला येत होतं, पण बोलत मी कुठल्याच भाषेत फारशी नव्हते. नातेवाइकांत मला घुमी म्हणत. मोठ्या आईनं माझ्या गप्प बसण्याचाही उपयोग शोधला. कुणाची मुलाखत जवळ आली की ती आंगणात एकुलती एक खुर्ची टाकायची, तिच्यावर मला बसवायची आणि सांगायची, “तू फक्त बसून राय. साहेब लोक कुठं बोलतात? पाहात राहतात नुसते.” मी पाहत राहायचे. हे काम मला जमायचं.

अशाच एका संध्याकाळी गोळीबार चौकाकडून कुसुम आली. तिचे वडील कोष्टी. घरात हातमाग होते, त्यातला एक बंद पडला होता आणि दुसरा कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. कळमेश्वरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली होती. कुसुम मॅट्रिक झालेली. तिला ती जागा हवी होती. वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं, लागली नोकरी तर ठीक, नाही तर उमरेडचं स्थळ पक्कं करतो. ही सगळी हकिगत तिनं आमच्याकडे न बघता, पदराचं टोक पिळत सांगितली. मोठ्या आईनं तिच्या हातातून पदर सोडवला आणि मिरची दिली.

पहिले काही दिवस कुसुम नुसतीच देठ खुडायची. झपाट्यानं, न बोलता. ढीग संपायचा, वाक्य निघायचं नाही. मोठी आई हतबल होत असलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. “हे पोरगी तर तुह्यासारखी निघाली,” ती मला म्हणाली. मग एकदा खुर्चीत बसल्याबसल्या माझ्याच तोंडून प्रश्न गेला, इंग्रजीत, अगदी हळू. घरी मागाच्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलता कसं, असं मी विचारलं. मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. कुसुमनं मान वर केली. हात चालूच होते. माग चालू असला तरी मागच्या खोलीतून आईनं मारलेली हाक मला ऐकू येते, ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, आणि माझी हाक आईला. देठ पडायच्या आत. मोठी आई जोरात शिंकली.

मुलाखतीच्या दिवशी कुसुम बसमधून उतरली ती घरी न जाता थेट आंगणात आली.

“साहेबानं इंग्रजीत विचारलं, तुमच्याबद्दल सांगा. अन् माह्या तोंडाले कुलूप. हात मांडीवर नुसते पडलेले, ताई.”

“मग?” मी विचारलं.

“टेबलावर टाचण्यांची डबी होती. पाडली.”

“पडली?”

“पडली नाही हो, पाडली. सॉरी म्हटलं अन् वेचत बसली. वेचता वेचता सगळं सांगितलं. वडील माग चालवतात, मागाच्या खटखटीत मले हाक ऐकू येते, टेलिफोनच्या खरखरीचं मले काय!”

“अन् साहेब?” मोठ्या आईनं विचारलं.

“तेही वाकून वेचू लागले.”

“मग तोही मोकळा बोलला असंल बिचारा!” मोठी आई म्हणाली. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मिरचीवर खापर फोडलं.

कुसुमला ती जागा मिळाली. उमरेडचं स्थळ परत गेलं. पुढच्या वर्षी मोठ्या आईचे गुडघे गेले आणि तिचा मुलगा, आमचा दादा, तिला भिलाईला घेऊन गेला. वर्ग बंद पडला. आमच्याकडे बाबांच्या कामामुळे फोन होता. रविवारी कुसुम यायची, आम्ही ट्रंक कॉल लावायचो. पण पलीकडून नुसतं ‘हो’, ‘बरं’, ‘ठीक आहे’. सगळ्या गल्लीला बोलतं करणारी मोठी आई घुमी झाली होती. प्रकृती बरी आहे, असं दादा सांगायचा. तिला इथे काहीच करू देत नाही, सून कौतुकानं म्हणायची, तिखटसुद्धा आम्ही दळलेलंच आणतो.

एका रविवारी फोन ठेवल्यावर कुसुम माझ्याकडे वळली. दिवसभर माणसांचे आवाज ऐकणं हेच आता तिचं काम होतं.

“ताई,” ती म्हणाली, “त्यायचे हात रिकामे आहेत.”

तिची मावशी भिवापूरची. तिच्याकडून पोतडीभर अख्ख्या मिरच्या आल्या. बाबा भिलाईला निघाले होते, त्यांच्याबरोबर त्या गेल्या.

पुढच्या रविवारी फोन लागला. पलीकडून आधी शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग एक लांबलचक इंग्रजी वाक्य आलं, सुनेच्या स्वयंपाकघराबद्दल, या वर्षीच्या मिरचीच्या झणक्याबद्दल आणि शेजारच्या बंगाली बाईंनाही तिनं खुडायला बसवल्याबद्दल. कुसुम माझ्याजवळ कान लावून बसली होती आणि तोंडावर हात ठेवून हसत होती.

“आंगणात आता कोन बसते वं?” मोठ्या आईनं मध्येच मराठीत विचारलं.

आंगणात कुणीच बसत नव्हतं. तारेवर नुसती खरखर होती.

“काहून गप्प?” ती म्हणाली. “हातात काही आहे का नाही तुह्या?”

माझ्या आईनं सोलायला ठेवलेली तुरीच्या शेंगांची टोपली कुसुमनं हळूच माझ्या मांडीवर सरकवली आणि रिसीव्हर माझ्या कानाशी धरून बसली. मी एक शेंग सोलली, आणि सांगायला लागले.