देवरावभाऊंच्या बांधीतला चहा

ही गोष्ट मी सहसा सांगत नाही, पण तुम्ही आधण ठेवलंच आहे तर ऐका. मातीतला कार्बन आणि नायट्रोजन मोजण्यात केस पांढरे झाले माझे. आणि जन्माची फजिती कशानं झाली? चहानं!

मुलचेऱ्याजवळच्या एका गावात, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, आमचं काम होतं. मातीतले जंतू पालापाचोळा किती वेगानं खातात ते पाहायचं. ते कळलं की कार्बन किती टिकेल, नायट्रोजन पिकाला किती मिळेल, याचा अंदाज येतो. त्याची एक सोपी पद्धत आहे. कपात बुडवायच्या त्या दोरीवाल्या हिरव्या चहाच्या पुड्या वजन करून मातीत पुरायच्या आणि तीनेक महिन्यांनी काढून, वाळवून पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं, तेवढं जंतूंनी खाल्लं. हसू नका, जगभर करतात.

पुड्यांची वजनं मी आमच्या संशोधन केंद्रातच केली. प्रत्येकीच्या चिठ्ठीवर नंबर टाकला आणि खोकं घेऊन गावात पोचलो. मुक्काम तिथल्या एका शेतकऱ्याकडे, देवरावभाऊंकडे, म्हणून पहिले सात-आठ नंबर त्यांच्याच बांधीला ठेवले होते.

पोचलो आणि झड लागली. बांध्या तुडुंब. पुरणार कुठे, कपाळात? तीन-चार दिवस घरापुढच्या छपरीत बसून पाऊस बघत होतो. देवरावभाऊंच्या पत्नी, सुमनबाई, सकाळ-संध्याकाळ चहा आणून देत. आता काय सांगू त्या चहाबद्दल! दुधात गवत उकळल्यासारखा. वाटलं, इथल्या दुकानात बरी पत्ती येत नसेल. पाहुण्यानं नावं ठेवू नयेत म्हणून म्हणालो, "बाई, असा चहा मी कुठेच प्यायलो नाही." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण बाई इतक्या खूश झाल्या की पुढच्या वेळेपासून कप मोठा आला.

पाऊस उघडला. पुड्या पुरल्या. धान पिवळं पडू लागल्यावर काढल्या, वाळवल्या, तोलल्या. बाकीच्यांच्या बांध्या ठीकठाक. देवरावभाऊंच्या बांधीत मात्र जंतूंनी मेजवानीच झोडलेली! काटा बिघडला असेल म्हणून दुसऱ्या काट्यावर तोललं. तेच.

इथे शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी गावाची सभा घेतली. सगळ्यांसमोर सांगितलं की देवरावभाऊंच्या मातीसारखी जिवंत माती मी पाहिलेली नाही, आणि त्यांना विचारलं, यंदा वेगळं काय केलंत? ते गांगरले. म्हणाले, "मी तं काईच केलो नाई, साहेब. साळीच्या लग्नाच्या धावपळीत युरियाबी टाकाचा राहून गेला."

झालं! मी म्हणालो, हेच ते गुपित. निम्म्या गावानं पुढच्या हंगामात युरिया बंद करायचं ठरवलं. काही जण तर देवरावभाऊंची माती घमेल्यांनी उचलून आपापल्या बांधीत टाकू लागले. भाऊ आधी मिरवले, मग वैतागले, कारण त्यांच्या बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, दिवसेंदिवस बारीक होत होता. सकाळी उठावं तर कोणीतरी घमेलं घेऊन हजर, आणि अडवलं तर म्हणे साहेबानंच सांगितलं. इकडे मी केंद्रात इतका डांगोरा पिटला की आमच्या वरिष्ठ मॅडम ती बांधी बघायला स्वतः निघाल्या.

आम्ही छपरीत बसलो. भोवती गावकरी. सुमनबाई चहा ठेवायला उठल्या आणि मला म्हणाल्या, "तुमचे थे पुडके नाई आणले का या खेपेले?"

मी विचारलं, कुठले पुडके?

"थेच, दोरीवाले. खोक्यावर कपाचं चित्र होतं न. मले वाटलं, साहेबाले आपला चहा चालत नसन, सांगाले लाजत असन. मंग तुमचाच करून देत होती."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला. विचारलं, कुठल्या पुड्या घेत होता?

"नंबर होते न त्याच्यावर. मले वाटलं, नंबरानंच प्याचे असतीन. एकपासून घेतले. पुडके फाटले नाई, म्हणून चुलीवर दोरीनं लटकवून वाळवले, अन् जिथले तिथी ठेवले. तुमचं सामान कमी पडाले नको."

म्हणजे बघा. देवरावभाऊंच्या बांधीतल्या झाडून सगळ्या पुड्या आधी उकळलेल्या होत्या! वजन घटणार नाही तर काय? तो सबंध हंगाम पाण्यात गेला, आणि मॅडम तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. खोकला आलाय म्हणाल्या.

युरिया एकदम बंद करू नका, हे मला तिथेच, त्याच गावकऱ्यांना हात जोडून सांगावं लागलं. बाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या. त्यांना म्हटलं, तुमची काही चूक नाही. खोक्यावर 'पिऊ नये' असं मीच लिहायला हवं होतं. आणि समजा लिहिलं असतं, तरी प्यायलं कोण? मीच ना!

देवरावभाऊ मात्र बोटांवर हिशोब जुळवत होते. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, मातीत गेल्यावर जे घटलं थे जंतूनं खाल्लं, बराबर? अन् त्याच्या आंधी जे घटलं थे तुमी पेले."

मी म्हणालो, बरोबर.

"मंग माह्या बांधीतला सगळ्यात मोठा जंतू तुमीच निंगाले."