माझ्या डोक्याचं माप

सरांनी माझ्या डोक्याला कॅलिपर लावला. माझ्याच गावात. शाळेच्या हॉलमध्ये, माईकसमोर, सगळ्या गावादेखत.

आधी मला वाटलं, सत्कार आहे. सर म्हणाले होते, "आमच्या उत्खननाच्या पथकात या गावाचीच एक मुलगी आहे. ये, वर ये." टाळ्या पडल्या. मागच्या भिंतीला टेकून आमची वाडी उभी होती. त्यात आई. मी वर गेले. सरांनी मला खुर्चीत बसवलं, वेणी बाजूला सारली आणि कॅलिपरचे दोन वाकडे लोखंडी पाय माझ्या कानांच्या वर, दोन्ही बाजूंना टेकवले. शेजारी टेबलावर किनाऱ्यावर सापडलेली एक कवटी मांडून ठेवली होती.

"घाबरू नकोस, दुखत नाही," सर माईकमध्ये म्हणाले. लोक हसले.

मग पेनाच्या टोकाने त्यांनी माझं नाक दाखवलं. कपाळ दाखवलं. जबडा दाखवला. "ही ठेवण बघा आणि ही कवटी बघा. हे इथले आदिम ठेवणीचे लोक." पहिल्या रांगेत खोतांच्या घरातले तात्या बसले होते. त्यांच्याकडे वळून सर म्हणाले, "तुमची ठेवण वेगळी. तुम्ही मागाहून आलात."

तात्या खूश. "तर! आमचे पूर्वज घाटावरसून इलले."

म्हणजे मी कवटीच्या रांगेत. तात्या माणसांच्या.

आमचं गाव आचऱ्याच्या थोडं पुढे. मी तिथल्या बौद्धवाडीतली. लहानपणी कुणी नाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "वाडी खंयची गो तुजी?" वाडी सांगितली की समोरच्याचा चेहरा बदलायचा. त्या प्रश्नाच्या चिडीतूनच मी मानवशास्त्र घेतलं. माणसं कुठून आली, कोण कुणात मिसळलं, हे जुन्या हाडांवरून शोधता येतं असं वाचलं होतं. वाटलं, इथे तरी वाडी विचारणार नाहीत.

किनाऱ्यावर एका रिसॉर्टचा पाया खणताना वाळूत फार जुनी दफनं निघाली. शहरातल्या विद्यापीठातून सरांचं पथक आलं. मी त्यात मदतनीस म्हणून लागले. कवट्या मी साफ केल्या. आत गच्च वाळू. बांबूच्या काडीने ती हळूहळू मोकळी करायची, घाई केली की कपाळाचं हाड पापडासारखं तुटतं. एक कवटी बाईची होती. तिच्या पुढच्या दातांवर आडव्या चिरा होत्या, दोरा दातांत धरून ओढणाऱ्याच्या पडतात तशा. जाळी विणत असेल. किंवा टोपल्या. मी तासन् तास तिच्यासमोर बसायचे.

सगळी मापं मी घेतली. आणि मापं काहीच ठाम सांगत नव्हती. कवट्या मोजक्याच. त्यातल्या काही वाळूच्या भाराने चेपलेल्या. शिवाय डोक्याचा आकार खाण्यापिण्यानेसुद्धा बदलतो. त्यावरून आजच्या कुठल्या जातीपर्यंत रेघ ओढायची? मी सरांना हे सांगितलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी एकच उत्तर. "तू भावनेच्या आहारी जातेस. तुझ्यासाठी हा विषय फार जवळचा आहे ना, म्हणून."

माझ्यासाठी जवळचा. आणि सर गावात आले की उतरायचे तात्यांच्या घरी, जेवायचे तात्यांच्या पंगतीत. ते मात्र तटस्थ.

खुर्चीत बसल्या बसल्या हे सगळं डोक्यात भणभणत होतं. कानाजवळ लोखंड गार लागत होतं. सर आकडा वाचायला वाकले. मी त्यांचा हात धरला आणि कॅलिपर खाली ओढला.

"सर, आता तात्यांचं डोकं मोजा."

तात्या ताठ झाले. "माजा कित्याक?"

"त्याची काही गरज नाही," सर म्हणाले.

"मग माझ्या डोक्याची काय गरज होती?"

सर माईक बंद करायला धावले. मी माईकशिवाय बोलले. आमच्या बोलीत बोलले, मागच्या भिंतीपर्यंत पोचावं म्हणून. "ही हाडां कोणाची, ता अजून कोणाकच कळूक नाय. माका नाय, सरांक नाय, तात्यांक नाय. जो कोण सांगता, तो खोटा सांगता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी स्टेजवरून उतरले आणि सरळ बाहेर पडले.

आई मागून आली आणि मला ओलांडून पुढे चालू लागली. घर येईपर्यंत मागे वळली नाही. उंबऱ्यात म्हणाली, "गप रवलं असतंस तर काय बिघडला असता गो? एवढा शिकलंस, सगळा पाण्यात."

"त्यांनी माझं डोकं जनावरासारखं मोजलं, आई."

"आमचा रोजच मोजतत," आई म्हणाली आणि आत गेली.

पथकातून मला काढलं. कारण लिहिलं, गैरवर्तन. माझी मापं सरांच्या लेखात जाणार, माझं नाव जाणार नाही. कवट्या शहरात कपाटात कुलूपबंद आहेत आणि मला आत सोडत नाहीत. दुसऱ्या विद्यापीठांत विचारते, तर सगळे आधी त्याच सरांना फोन करतात. मधे सरांचा निरोप आला. लेखी माफी माग, परत घेतो.

नाही मागणार.

विषयही सोडणार नाही. कोणी मार्गदर्शक मिळेपर्यंत दारं ठोठावत राहीन.

आता ऐकते, पथक पुन्हा येणार आहे. या वेळी डीएनए तपासायला लाळेचे नमुने हवेत, आमच्या वाडीतल्यांच्या तोंडातले. मी वाडीची बैठक घेतली. आईसुद्धा येऊन बसली. ठरलं ते असं. कशासाठी घेता, ते आधी आमच्या अंगणात बसून सांगा. काय लिहिणार, ते आम्हांला वाचून दाखवा. तोवर वाडीत कुणी तोंड उघडणार नाही. आणि जबरदस्ती केलीत, तर पहिली मी आडवी येईन.